रानात जाणे : वेठीने, चोरीने आणि हक्काने

बारामती आणि इंदापूर म्हटले की ऊस, साखर कारखाने, नीरा डावा कालवा आणि सहकाराचे राजकारण एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. या दोन तालुक्यांत पायी हिंडावे, सायकल घेऊन जावे, राहुटी ठोकून रात्र काढावी असे रान आहे, हे सांगितले तर येथलाच माणूस आधी हसतो. 'आमच्याकडं कसलं आलंय जंगल? माळ आहे नुसता!' हे उत्तर ठरलेले असते. परंतु याच माळावर 2024 साली पुणे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. बारामती तालुक्यातील शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी ही तिची दोन ठिकाणे. नोंदणी करून, शुल्क भरून, वाटाड्या बरोबर घेऊन शहरांतले लोक आता येथे चिंकारा आणि लांडगा पाहायला येतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य त्याच्याही आधीचे, 1997 सालचे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ येथे तर हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांची रीघ लागते.

माझ्या वर्गातील बहुसंख्य मुले याच माळाच्या कडेला वाढलेली आहेत. यांपैकी कितीजणांनी अभयारण्य पाहिले, असे विचारले की चार-दोन हात वर होतात. कितीजण सरपण, शेण्या गोळा करायला माळावर गेलात, असे विचारले की एकही हात वर होत नाही. मुले एकमेकांकडे पाहतात आणि माना खाली घालतात. गेलेली सगळीच असतात. पण ते जाणे सांगण्याजोगे नाही, असे त्यांना वाटते. रानात जाणाऱ्या एकाला पर्यटक म्हणतात, दुसऱ्याला सरपणवाली म्हणतात आणि तिसऱ्याला चोर म्हणतात. जमीन तीच, पायवाट तीच. मग हा भेद कोठून आला, आणि आपल्या मुलामुलींनी रानात जायचे तर कोण म्हणून जायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे. सहलीचा विषय चैनीचा आहे, असे समजून तो बाजूला सारण्यासारखा नाही.

माळ म्हणजे काय?

प्रथम माळ समजून घेऊ. नैऋत्येचे पावसाळी वारे सह्याद्रीवर रिते होतात आणि पुणे जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. येथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा, आणि मध्ये उथळ, मुरमाड जमिनीचा चढउतार. जेथे कालव्याचे पाणी पोचले तेथे ऊस झाला. जेथे पोचले नाही तो जिरायत भाग आणि माळ. अशा जमिनीवर दाट झाडी वाढत नाही, गवत वाढते. कुसळी, मारवेल, शेडा अशी गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ हे या रानाचे नैसर्गिक रूप आहे. ते बिघडलेले जंगल नव्हे, आणि झाडे नाहीत म्हणून ते उजाडही नव्हे.

चिंकारा हा लहान कुरंग याच मोकळ्या जागेचा रहिवासी. तो पाण्यावाचून बराच काळ राहू शकतो, कारण पाला आणि दंव यांतून त्याची गरज भागते. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला उघडे रान लागते. लांडगा, कोल्हा, खोकड, तरस यांचेही घर हेच. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतो आणि गवतावरून खालून खालून उडत टोळ व उंदीर टिपतो.

असे भरलेले रान 'पडीक' कसे ठरले? याची कथा इंदापुराशी जोडलेली आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांची नवी जमाबंदी 1836 साली प्रथम लागू झाली ती इंदापूर तालुक्यात. पुढे मुंबई इलाख्यात जी मोजणीची पद्धत पसरली, तिचा आरंभ या मातीत झाला. मोजणीचा हेतू सारा ठरवणे हा होता. ज्या जमिनीतून पीक निघते ती कामाची, उरलेली पोटखराब किंवा पडीक, अशी विभागणी कागदावर झाली. त्या पडिकावर कोणाची शेळी चरते, कोणाची चूल पेटते, कोण तेथून कंद आणि औषधी आणतो, याला कागदावर रकाना नव्हता. ज्यांना जमीन नव्हती त्यांचे जगणे या रकान्याबाहेरच्या जमिनीवर चालले होते. पुढे स्वातंत्र्यानंतरही माळ म्हणजे झाडे लावायची मोकळी जागा अशी समजूत राहिली. चर खणले गेले, गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. माळाला माळ म्हणून मान मिळू लागला तो अलीकडे, आणि तोही चिंकाऱ्यामुळे.

वेठीने

आपल्या आजोबा-पणजोबांना तंबू माहीत नव्हता असे नाही. इंग्रज अमदानीत जिल्ह्याचे साहेब हिवाळ्यात फिरतीवर निघत. गावाबाहेर झाडाखाली त्यांचा कँप पडे. त्या कँपला सरपण कोणी आणायचे, घोड्यांना गवत कोणी घालायचे, सामान पुढच्या गावी कोणी पोचवायचे आणि रात्री पहारा कोणी द्यायचा, हे ठरलेले होते. ते काम वतनदार महाराचे. साहेब शिकारीला निघाला तर हाका घालायला गावकामगार जातींची माणसे लागत. म्हणजे रानात राहण्याची, चांदण्यात झोपण्याची आणि जनावराचा माग काढण्याची सर्व कला आपल्या माणसांकडे होती. त्या कलेचा आनंद मात्र दुसऱ्याचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे ही गुलामी होती. कनिष्ठ गावकामगार वतने खालसा करणारा कायदा 1958 साली झाला आणि मगच कागदावरची वेठ संपली. ज्या घरांत ही आठवण आहे त्या घरांतली म्हातारी माणसे 'मौजेसाठी रानात जायचं' हे ऐकून चकित होतात. त्यांना अडाणी म्हणू नये. चालणे हे त्यांच्यासाठी काम होते, आणि काम संपल्यावर माणूस बसतो, चालत नाही.

या तालुक्यांत चालण्याची आणि मुक्कामाची दुसरीही परंपरा आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरते, बेलवाडीला रिंगण होते, निमगाव केतकी व इंदापूर करीत सराटीहून नीरा ओलांडते. हजारो राहुट्या वाटेवर उभ्या राहतात आणि उठतात. मुक्काम करायचा, स्वयंपाक करायचा, पहाटे निघायचे ही शिस्त येथल्या माणसाला कोणा क्लबने शिकवावी लागत नाही. परंतु या वाटेवरही आपण कोठपर्यंत चाललो, हे विसरता येत नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. तोवर वाट सर्वांची होती आणि दार काहींचे होते.

चोरीने

वेठ करणाऱ्याला निदान गावात जागा होती. ज्यांना गावच नव्हते त्यांचे काय? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. हा कायदा 1952 साली रद्द झाला. तोपर्यंत नोंद झालेल्या जमातींना हजेरी लावावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. पाल ठोकले की पोलीस पाटलाला कळवायचे, गावात काही हरवले की पहिली झडती पालाची, हा क्रम कायदा गेल्यावरही चालूच राहिला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकाला या पालातले जगणे प्रथम आतून दिसले. पाल म्हणजे तंबूच की! एका तंबूला आज शुल्क घेऊन जागा मिळते, दुसऱ्या तंबूला अजूनही गावकुसाबाहेरून हाकलले जाते.

कायद्याच्या भाषेतही हे मुरलेले आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम 26 वाचावे. राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि गुरे चारणे हे गुन्हे तेथे एकाच पोटकलमात शेजारी शेजारी लिहिले आहेत. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि शिकार बंद झाली. चिंकारा व लांडगा हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. त्यांना मारणाऱ्याला किमान तीन वर्षांचा कारावास आहे. हा कायदा आवश्यक होता, याविषयी शंका नको. तो नसता तर माळावर आज पाहायला काही उरले नसते. परंतु हा कायदा करताना फासेपारध्याने आता काय खावे, हा प्रश्न कोणी सोडवला नाही. तितराचा आवाज हुबेहूब काढणारा, मातीवरच्या खुरावरून जनावर किती वेळापूर्वी गेले ते सांगणारा माणूस एका दिवसात गुन्हेगार झाला. त्याच्या विद्येला दुसरे काम दिले गेले नाही.

धनगराचेही तसेच. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हा येथल्या मेंढपाळांचा क्रम. त्यांच्या कळपांमागे लांडगा शतकानुशतके राहिला. मेंढरू गेले तर धनगर हळहळतो, पण लांडगा सरसकट मारून टाकावा असे त्याने ठरवले असते तर आज सफारीत दाखवायला लांडगा नसता. हे ज्ञान आणि ही सहनशीलता कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही.

इतरत्र काय घडले?

रानावर कोणी पाय ठेवावा, हा प्रश्न फक्त आपला नाही. 1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. ही शुद्ध सहलच होती. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ झाली होती म्हणून काहींनी दाराजवळच्या तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले. लागलीच तळे बाटवले म्हणून जमाव धावून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, आत कोठे पाण्याला हात लावू नये म्हणून. सहलीला गेलेल्या माणसांवर पहारा! बाबासाहेबांनी ही हकिकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

त्याच्या दोन वर्षे आधी, 24 एप्रिल 1932 रोजी, इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या माळावर ठरवून घुसले. तो माळ जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखला होता. पाचजणांना तुरुंगवास झाला. त्या लढ्याचे फळ म्हणून 1949 साली तेथे राष्ट्रीय उद्याने आणि रानात जाण्याचा हक्क यांविषयीचा कायदा झाला. अमेरिकेत व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात 1939 साली निग्रोंसाठी लुइस माउंटन नावाचा वेगळा तळ उघडण्यात आला. निसर्ग सर्वांचा, पण तंबू वेगळे. हा भेद तेथे 1950 च्या सुमारास मोडला. आपल्याकडे महाडचे पाणी 1927 चे. पाणी, पायवाट आणि तंबू या एकाच प्रश्नाच्या तीन बाजू आहेत. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या जागेत 'सर्व' या शब्दात कोण कोण धरायचे, हा तो प्रश्न.

हक्काने

आता हक्काचे. संविधानाचे कलम 15 (2) विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत जातीवरून आडकाठी करण्यास मनाई करते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने सामाईक साधनांच्या वापरास अडथळा करणे आणि वनहक्कांच्या उपभोगात ढवळाढवळ करणे हे गुन्हे स्पष्ट शब्दांत नमूद केले. म्हणून रानात जाणे ही कोणाची कृपा नाही. परंतु हक्काने जायचे तर कोणती जमीन कोणाची, हे कळले पाहिजे. या भागात तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला, अभयारण्य. मयूरेश्वर अभयारण्य सुमारे 514 हेक्टरचे आहे. येथे परवानगीनेच प्रवेश. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन यांसाठी परवाना मागता येतो. आग लावणे, शस्त्र नेणे यांना बंदी आहे. मुक्काम करता येईल असे गृहीत धरू नये.

दुसरा, वन खात्याचे इतर माळ. शिर्सुफळ आणि कडबनवाडीची सफारी अशा रानात चालते. नोंदणी करावी, वाटाड्या घ्यावा, ठरलेली वाट सोडू नये. मोटारसायकल किंवा सायकल गवतात घालणे म्हणजे जमिनीवरची अंडी चिरडणे. सायकलस्वारांसाठी गावे जोडणारे डांबरी रस्ते आणि गाडीवाटा पुष्कळ आहेत. मोरगाव ते सुपे, बारामती ते शिर्सुफळ असे रस्ते धरावेत आणि रानाच्या कडेला सायकल ठेवून पुढे पायी जावे.

तिसरा, गायरान. ते गावाच्या सामाईक उपयोगाचे. येथे एक सावधगिरी हवी. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह अशाच पडीक जमिनींसाठी होते. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. कित्येक कुटुंबांचे सातबारे अजून व्हायचे आहेत. तेव्हा 'मोकळे गवत' म्हणून ज्यात आपण तंबू ठोकू, ते कोणाच्या तरी पोटाचे रान असू शकते. विचारून जावे. उद्या पर्यटनाच्या नावाखाली अशी कुटुंबे उठवण्याचा घाट घातला गेला, तर त्या गावात सर्वांत आधी पोचायला हवेत ते कार्यकर्ते.

मुक्काम करायचा असेल तर रानाबाहेर, गावातल्या शाळेत किंवा शेतकऱ्याच्या खळ्यावर परवानगीने करावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात वाळलेले गवत एका काडीने पेटते, म्हणून चूल गावातच. दहा-बाराजणांचा गट, प्रत्येकी दोन लिटर पाणी, पायांत बंद बूट एवढे पुरे, कारण या मुरमात फुरसे असते. चिंकारा दिसला की जागीच थांबावे. छायाचित्रासाठी त्याच्यामागे धावणे ही हाक्याचीच नवी आवृत्ती आहे. मुलींच्या पालकांना भेटून, बरोबर शिक्षिका ठेवून मुलींना आवर्जून न्यावे. सरपणासाठी माळ सर्वांत जास्त तुडवला तो त्यांच्या आया-आज्यांनी.

वाटाड्या कोण?

हक्काचा अर्थ केवळ तिकीट काढण्याचा हक्क नव्हे. सफारीतून रोजगार निर्माण होतो. वाटाडे, वाहने, जेवण यांतून पैसा गावात येतो. तो गावात कोणाकडे जातो, हे पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे जीप आहे, ज्याच्याकडे रस्त्याकडेची जमीन आहे, त्याच्याकडे तो आपोआप जाणार. ज्याच्याकडे फक्त माळाचे ज्ञान आहे त्याच्याकडे तो मुद्दाम पोचवावा लागेल.

हे शक्य आहे, याची उदाहरणे आहेत. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्यात नदीकाठची शेते आणि गावे बुडाली. पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी आटले की वर येते. त्याच पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांनी पुढे आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित आणि पट्टकादंब दाखवायला सुरुवात केली. पाणी ओळखणारा माणूसच येथे मार्गदर्शक झाला. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पाहुण्यांना पायी रानात नेतात, पावलांचे ठसे वाचून दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात. विदर्भात अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांनी तणमोराच्या गवताळ रानाच्या राखणीत भाग घेतला आहे. ज्या विद्येला चोरी म्हटले गेले तीच येथे शिक्षण ठरली.

कार्यकर्त्यांनी म्हणून साधे प्रश्न विचारावेत. वाटाड्यांच्या यादीत भूमिहीन, पारधी, धनगर घरांतली मुलेमुली किती? ती निवड ग्रामसभेत झाली काय? शुल्कातला वाटा गावाच्या कोणत्या खात्यात जातो? उत्तर मिळत नसेल तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा सामूहिक हक्क नमूद आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. अट कठीण आहे, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी आज लिहून ठेवणे हे तातडीचे काम आहे.

शिक्षकांपुढे तर आयती संधी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर दरवर्षी होते. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यातला तो पहिला मुक्काम असतो. पर्यावरण विषयाचा प्रकल्प सर्वांना करावा लागतो आणि बहुतेक तो मार्गदर्शिकेतून उतरवला जातो. त्याऐवजी एक हिवाळी सकाळ माळावर काढावी. एखाद्या धनगर बाबांना, एखाद्या पारधी मावशींना व्याख्यात्याचे मानधन देऊन बोलवावे. मुलांनी गवतांची, पक्ष्यांची गावातली नावे लिहून घ्यावीत. कोणत्या गवताने छप्पर शाकारत, कोणते शेळी खात नाही, दुष्काळात कोणते बी दळून खाल्ले, हे आपल्याच आजीला विचारून टिपावे.

आपल्या साहित्यात माळ आला आहे तो भूक, कष्ट आणि अपमान घेऊन, आणि ते सत्य आहे. मराठीतल्या निसर्गलेखनात रान आले आहे ते विस्मय घेऊन, आणि तेही खोटे नाही. सरपणाची मोळी आणि भोवत्याचे उडणे एकाच नजरेने पाहू शकेल असा लेखक अजून या माळावरून यायचा आहे. तो बहुधा आज वर्गात मान खाली घालून बसलेल्या मुलामुलींपैकीच असेल. येत्या हिवाळ्यात त्यांना माळावर नेले पाहिजे, आणि वहीच्या पहिल्या पानावर वाटाड्याचे नाव व त्याला दिलेले मानधन लिहायला सांगितले पाहिजे.